आधी एकटीने जा, पण तिकडे जाऊन काय शोधायचं ते ठरवून जा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात इंदिरानगरला राहता, सीबीएसई शाळेत सहा वर्षं सायन्स शिकवताय, आता शारजातल्या एका भारतीय शाळेकडून 5500 दिरहमची ऑफर आलीये, एप्रिलमध्ये जॉईन व्हायचंय. मुलगी सहा वर्षांची. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, त्यांना वर्षभर तरी यूएईला येणं जमणार नाही. सासूबाई म्हणतात तिला माझ्याकडे ठेव. आणि तुम्ही विचारलंय की शाळा आणि मूल दोन्ही तिकडे एकटीने जमतं का, की सरळ वर्षभर तिला नाशकातच ठेवू.

मी 2011 ते 2021 शारजात गणित शिकवलं, आठवी ते दहावी. गेले तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता, परत आलो तेव्हा तो नववीत जाणार होता. पहिलं दीड वर्ष मिस्टर नाशकातच होते, म्हणजे तुमच्यासारखीच परिस्थिती. आता इथे शिकवते आणि दरवर्षी दोन-तीन टीचर तरी तिकडे जायच्या आधी माझ्याशी बोलायला येतात, त्यामुळे माझा एकटीचाच अनुभव आहे असं नाही.

तुम्ही "वेळ कसा मॅनेज करू" असं विचारलंय पण खरा प्रश्न वेळेचा नाहीये. वेळ तुम्ही आत्ताही मॅनेज करताच. खरा प्रश्न तिसऱ्या माणसाचा आहे. नाशकात तुम्ही आणि मिस्टर सोडून तुमची मुलगी आज किती जणांच्या हातात आहे ते एकदा मोजा. सासूबाई, रिक्षावाले काका, खालच्या मजल्यावरच्या काकू, कोपऱ्यावरचा दुकानदार जो तिला एकटी बघितलं तर विचारेल की बाळा आई कुठे. ही माणसं तुम्ही नेमलेली नाहीत, ती आहेतच, म्हणून त्यांचा हिशोब आपल्या डोक्यात येत नाही. शारजात उतरल्याच्या दिवशी ही संख्या शून्य असते. मूल सांभाळणं तिथे अवघड होतं ते ह्या शून्यामुळे, शाळेच्या कामामुळे नाही.

हे किती बारीक असतं ते सांगते. माझ्या शाळेत केजी साडेअकराला सुटायची, प्रायमरी दीडला, आणि आम्हाला अडीचपर्यंत थांबावं लागायचं, मीटिंग असली की साडेतीन. म्हणजे मुलगा रोज कमीत कमी तीन तास कोणाकडे तरी असायला हवा. तो तिकडे आला तेव्हा पहिल्या महिन्यात मी त्याला स्टाफरूममध्येच बसवायचे, मागच्या टेबलाशी. एक दिवस पीटीएम होतं, मी वर्गात पालकांशी बोलत होते, खाली आले तर हा वह्यांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपलेला, हातात पोळीचा रोल तसाच, आणि कोणीतरी एसी कमी करून त्याच्या अंगावर स्वतःची ओढणी टाकलेली. ती ओढणी कोणाची हे शोधत शोधत मला माझं तिसरं माणूस सापडलं. केरळची टीचर, तिसरीला शिकवायची, आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहायची, दोन मुली. प्रायमरीची असल्यामुळे ती लवकर सुटायची. आम्ही ठरवून घेतलं की दुपारी मुलं तिच्याकडे, संध्याकाळी पाच ते सात माझ्याकडे, तिच्या मुलींचं गणित मी घेणार. पैशाचा व्यवहार कधीच झाला नाही, पण उपकारावरही चाललं नाही, दोघींची गरज होती म्हणून ते सहा वर्षं टिकलं. माझा मुलगा तिला चेची, म्हणजे मल्याळममध्ये ताई, म्हणायचा, अजूनही म्हणतो.

म्हणून माझं मत असं की तुम्ही एप्रिलमध्ये एकटीने जा. पण मुलीला वर्षभर ठेवू नका. जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत नाशिकला या आणि ऑगस्टअखेर शाळा उघडताना तिला सोबत घेऊन जा. मधले तीन महिने घर लावायला लागतात, आणि त्याहून जास्त हे माणूस शोधायला लागतात. ते इंटरनेटवर सापडत नाही, बिल्डिंगमध्ये आणि स्टाफरूममध्येच सापडतं. सुरुवातीला लायसन्स असलेल्या सेंटरमध्ये किंवा शाळेच्याच आफ्टर-स्कूलमध्ये ठेवायची वेळ आली तर ठेवा, पण कोणीतरी सांगितलं म्हणून घरीच आठ-दहा मुलं सांभाळणाऱ्या बाईंकडे नका देऊ, तिकडे परवान्याशिवाय असं चालवायला बंदी आहे आणि काही झालं तर विचारणार कोणाला.

आता वर्षभर का नको. मी सोडून गेले होते ना, पाच महिने. पंचवटीत सासूबाईंकडे. सगळे म्हणाले मुलगा मजेत आहे, आणि तो खरंच मजेत होता. फोनवर आला की "आई मी खेळतोय" म्हणून पळायचा. मी जुलैमध्ये आले तर तो दारात सासूबाईंच्या पदराआड उभा राहिला, माझ्याकडे बघत होता पण येत नव्हता. मी पिशवीतून गाडी काढून दिली तर गाडी घेतली आणि आजीकडे बघितलं, घेऊ का म्हणून. माझ्याकडून घ्यायला त्याला आजीची परवानगी लागली. रात्री सासूबाई मला म्हणाल्या, पुन्हा एकटी जाऊ नकोस, मी त्याला सांभाळेन पण तुझ्या जागी मी येऊ शकत नाही. सहा वर्षांच्या मुलीचं जरा वेगळं असतं, तिला तुम्ही का गेलात ते सांगता येईल, कॅलेंडरवर दिवस खोडता येतील, तरी तीन महिने आणि बारा महिने ह्यात फार फरक आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. मुलगी दोनेक वर्षांची असती तर मी सांगितलं असतं की सोबत आजी आल्याशिवाय जाऊच नका. आठवी-नववीत असती तर सांगितलं असतं की आता हलवू नका. सासूबाईंची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पहाटे उठून डबा-वेणी-रिक्षा हे तीन महिने त्यांना झेपेल का ते मिस्टरांनी त्यांना विचारायला हवं, तुम्ही नाही, सुनेला कोणी सासू "नाही झेपणार" असं सांगत नाही.

कागदपत्रं आत्तापासून सुरू करा, ह्यातच लोकांचे महिने जातात. तुम्ही मुलीला स्वतःच्या व्हिसावर नेणार, मिस्टर इथे राहणार, तर त्यांचं लेखी ना-हरकत पत्र लागतं. तुमच्या पगारात स्पॉन्सर करता येतं, नियम 4000 दिरहमचा आहे किंवा 3000 आणि राहायची सोय. मुलीचा जन्मदाखला आणि तुमचं मॅरेज सर्टिफिकेट दोन्ही अटेस्ट करून लागतात, आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर पुन्हा त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. आमचं लग्नाचं रजिस्ट्रेशनच केलेलं नव्हतं, लग्नानंतर सात वर्षांनी साक्षीदार गोळा करून केलं. जन्मदाखल्यावर मुलीचं नाव आहे का बघा, खूप दाखल्यांवर नाव नंतर टाकायचं राहून गेलेलं असतं. आणि सगळ्यात मोठी अडचण आपल्या मराठी बायकांची, डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलीच्या दाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद केली असेल तर ती काढून ठेवा, नसेल तर आधी तेच करा, कारण डिग्री आणि मुलगी दोन्ही तुमचीच आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे.

आता शाळेचं काम. ऑफर लेटरमध्ये पगार सगळे बघतात, मी सांगेन की पिरियड बघा आणि वर्ग बघा. मला आठवड्याला 28 पिरियड होते आणि पाच सेक्शन, एका सेक्शनमध्ये 32 मुलं धरा, 160 वह्या. एका वहीला दोन मिनिटं दिली तरी सव्वापाच तासांच्या वर जातं, आणि ते दर आठवड्याला. पहिल्या वर्षी मी वह्या घरी आणायचे, मुलगा शेजारी बसून "झालं का, झालं का" विचारायचा आणि मी "पाच मिनिटं" म्हणायचे, ती पाच मिनिटं दोन तासांची व्हायची. दुसऱ्या वर्षी ठरवलं की वह्या घरी येणार नाहीत. मग फ्री पिरियडला गप्पा बंद, प्रॉक्सी, म्हणजे न आलेल्या टीचरचा तास, आली तर वर्गात मुलांना गणितं देऊन तिथेच तपासायचं, रोज एकच सेक्शन, सोमवार अ, मंगळवार ब असं लावून टाकलं. पेपर मात्र घरी यायचेच, ते रात्री नऊनंतर, तो झोपल्यावर. साडेचार ते सात हा वेळ मी शाळेच्या कामाला दिलाच नाही, शाळेच्या ग्रुपवरचा मेसेजही सातनंतर बघायचे. एकदा सुपरवायझर मॅडमनी विचारलं, मी सरळ सांगितलं की मूल एकटीवर आहे, सातनंतर सगळ्यांना उत्तर मिळेल, आणि खरंच रोज सातनंतर सगळ्यांना उत्तर दिलं, मग परत कोणी विचारलं नाही. बोर्डाचा वर्ग पहिल्या वर्षी घेऊ नका, विचारलं तर नम्रपणे सांगा. जानेवारी ते मार्च एक्स्ट्रा क्लास, प्रीबोर्ड, प्रॅक्टिकल ह्यात दुपार उरतच नाही, तुम्ही सायन्सच्या म्हणजे प्रॅक्टिकल तुमच्याच गळ्यात.

रजेचं नीट समजून घ्या. 2022 पासून लागू असलेल्या नव्या कायद्याने नोकरीतल्या माणसाला वर्षाला 90 दिवसांपर्यंत सिक लीव्ह आहे, पहिले 15 पूर्ण पगारी, पुढचे 30 अर्ध्या पगाराचे, बाकीचे बिनपगारी. पण ही प्रोबेशन संपल्यावर, आणि प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं. आणि ही रजा तुमच्या आजारपणाची आहे, मुलीच्या नाही. मुलीला ताप आला म्हणून घरी राहायला कायद्यात वेगळी रजा नाही, ते शाळेच्या मर्जीवर. माझ्या पहिल्या शाळेत मुलाला कांजिण्या झाल्या तेव्हा आठ दिवसांचा पगार कापला आणि वर पत्र दिलं. त्या वेळी रडले होते, पण चूक माझीही होती, मी जॉईन होताना हे विचारलंच नव्हतं. तुम्ही विचारा, ईमेलवर विचारा आणि उत्तरही ईमेलवर घ्या. मुलगी ऑगस्टअखेर आणायची हे मी म्हणते त्यात हाही हिशोब आहे, तोवर प्रोबेशनचा बराचसा काळ संपलेला असतो.

अजून तीन गोष्टी त्याच ईमेलमध्ये विचारून टाका. शिफ्ट आहे का, कारण तिकडच्या काही भारतीय शाळांत मुली सकाळी आणि मुलगे दुपारी असं चालतं आणि तुमची ड्युटी मुलग्यांच्या शिफ्टला लागली तर तुम्ही निघता तेव्हा मुलगी घरी येते. फी सवलत किती, आणि ती पहिल्या दिवसापासून की प्रोबेशननंतर. आणि सुट्टीचं तिकीट फक्त तुमचं की मुलीचंही, जुलैत सगळं गल्फ घरी येत असतं त्यामुळे तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग असतात. शारजात जानेवारी 2022 पासून शुक्रवार-शनिवार-रविवार तीन दिवस सुट्टी असते, शाळा सोमवार ते गुरुवार, दिवस जरा लांब असतात. एकट्या आईला हे खूप बरं आहे. आमच्या वेळी शुक्रवार-शनिवार होता, रविवारी नाशकात सगळे घरी आणि मी वर्गात. पण पुढे मिस्टरांना दुबईत नोकरी लागली तर त्यांना शनिवार-रविवारच सुट्टी मिळेल, हे लक्षात ठेवा.

मुलगी तुमच्याच शाळेत असणार त्याबद्दल थोडं बोलायचंय, हे कोणी सांगत नाही. फायदा दिसतोच, फी कमी, बस एक, डोळ्यासमोर. पण तिच्या टीचर म्हणजे तुमच्या कलीग. तिने होमवर्क केलं नाही तर डायरीत लिहून येत नाही, कॉरिडॉरमध्ये तुम्हाला थांबवून सांगतात, पाच जणांसमोर. आणि तुम्ही दमलेल्या असता, मग तो राग तिच्यावर निघतो, आणि तिला कळत नाही की घरी आली ती आई आहे की शाळेतली कोणी. माझा मुलगा दुसरीत असताना एकदा जेवताना म्हणाला, "मॅडम, मला अजून भात." मी ताट खाली ठेवलं. तो चुकून म्हणाला होता, लगेच परत खायला लागला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या क्लास टीचरला जाऊन सांगितलं की त्याच्याबद्दल जे असेल ते डायरीत लिही, सगळ्या पालकांना लिहितेस तसंच, मी संध्याकाळी घरी वाचेन आणि सही करेन. आणि बसमधून उतरल्यावर बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी माझं आयडी कार्ड काढून पर्समध्ये टाकायचे, त्याला दाखवून. नंतर नंतर तोच ओढायचा, "काढ ना ते."

भाषेचं आत्तापासून बघा. तिकडे खाजगी शाळांत पहिलीपासून नववीपर्यंत अरबी सगळ्यांना घ्यावंच लागतं. लहान मुलं पटकन शिकतात, त्याची काळजी नको. काळजी मराठीची करा, कारण शाळेत मराठी मिळेलच असं नाही, आणि महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय. परत आलात की तिला ते लिहावं लागणार. आम्ही रोज दहा मिनिटं ठेवली होती, सासूबाई फोनवर पेपरातली एक बातमी वाचायच्या आणि हा लिहून घ्यायचा. पावसाळ्यात तर तो स्वतःच फोन लावायला सांगायचा, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं विचारायला, आजी सांगायची आज कमरेपर्यंत, आज छातीपर्यंत, आणि तो वहीत मारुती काढून तिथे रेघ मारायचा. गोदावरी त्याने अशी फोनवरून पाहिली आणि मराठीही अशीच लिहायला शिकला.

ह्यासाठी एक छोटं काम जायच्या आधी करा. यूएईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, मेसेज जातात पण कॉल नाही. बोटिमसारखं तिकडे चालणारं ॲप लागतं. ते सासूबाईंच्या फोनमध्ये तुम्ही इथे असतानाच टाका आणि चार वेळा करून घ्या, दुसऱ्या खोलीत बसून त्यांना लावायला सांगा. तिकडून फोनवर "आई ते निळं बटन दाबा" हे होत नाही हो. वेळेचा फरक दीड तासाचाच आहे, पावणेसहाला तुम्ही बसची वाट बघत असाल तेव्हा नाशकात सव्वासात झालेले असतात, सासूबाईंचा चहा झालेला असतो आणि मुलगी शाळेच्या तयारीत असते. पहिले तीन महिने रोज तेव्हाच बोला, रात्री नको, रात्री मुलं रडतात.

परत कधी यायचं हे जाताना ठरवा म्हटलं की लोकांना घाई वाटते, पण ठरवा. मुलीला पुढे मेडिकलला जायचं असेल तर राज्याच्या कोट्यासाठी डोमिसाईलसोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, नियम बदलत असतात म्हणून तेव्हाचं माहितीपत्रक बघालच, पण मी ह्याच कारणासाठी मुलाला नववीला परत आणलं. तिकडे अजून चार वर्षं राहिलो असतो तर पैसे जास्त साठले असते, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही जास्त मिळाली असती, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला 21 दिवसांचा बेसिक आणि पुढे 30 दिवसांचा असा हिशोब असतो. तरी मला तो निर्णय योग्यच वाटतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की "मी स्वार्थी तर नाही ना". नाही. तुम्ही शिकवता, चांगलं शिकवत असाल म्हणूनच बाहेरून ऑफर आली, आणि घराचं कर्ज दोघांवर आहे असंही लिहिलंय. मिस्टर अंबडहून पुण्याला एकटे गेले असते तर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता. मला राहून राहून वाईट वाटतं ते त्या पाच महिन्यांचं, आणि तेसुद्धा मी गेले म्हणून नाही, मी कधी येणार हे मुलाला नीट सांगितलं नव्हतं म्हणून. सगळ्यांनी सांगितलं की त्याला सांगू नकोस, रडेल, तो झोपेत असताना निघ. मी पहाटे तो झोपेत असतानाच कसाऱ्याच्या दिशेने निघाले. तुम्ही तसं करू नका. मुलीला सगळं सांगा, तारीख सांगा, तिला मुंबईपर्यंत एअरपोर्टवर सोडायला आणा, आता समृद्धीने पटकन होतं. रडेल, रडू द्या, परत येताना बाबांच्या मांडीवर झोपेल. आणि जुलैच्या तारखेला कॅलेंडरवर तिलाच गोल करू द्या.

शाळेचं उत्तर आलं की इथे लिहा, शिफ्ट आणि रजेचं काय म्हणाले ते बघून पुढचं सांगते.